दुसऱ्याच्या पाठीतलं पाणी

१

नळीतलं पाणी त्या बाईचं नव्हतं.

भिंगताईंनी मशीनमधून आलेले आकडे वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि हातातला चहा न पिताच बाजूला ठेवला. उभी नोकरी त्यांनी कोर्टाच्या कामासाठी मेलेल्यांची रक्तं तपासण्यात घालवली होती. आता निदान जिवंत माणसांच्या उपयोगी पडू म्हणून निवृत्तीनंतर हे छोटं तपासणी केंद्र काढलं. गळ्यात साखळीला लटकणारं भिंग मात्र सुटलं नाही, आणि त्यावरून पडलेलं नावही.

नळी जवळच्या मोठ्या इस्पितळातून आली होती. तिच्यावर नाव होतं एका बसचालक बाईचं, वय एकतीस. दीड महिन्यापूर्वी या बाईनं भर रस्त्यात बस उभी केली आणि प्रवाशांना शांतपणे खाली उतरायला सांगितलं. ब्रेक आपल्याशी बोलतायत, म्हणाली, आणि आज ते कुणाचा तरी जीव घेणार आहेत. प्रवाशांतले काही हसले, काही घाबरून खरंच उतरले. पुढच्या आठवड्यात ती घरच्यांना ओळखेनाशी झाली. मग बोलणं तुटत गेलं, ओठ सारखे काहीतरी चावल्यागत हलायला लागले. मनोविकार वॉर्डात भरती झाली आणि कागदावर निदान पडलं: तीव्र मनोविकार.

इस्पितळातल्या एका तरुण न्यूरॉलॉजिस्टला ते पटत नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की कधी कधी शरीराचे स्वतःचेच पहारेकरी उलटतात. रक्तातल्या ज्या अँटिबॉडींनी जंतूंवर तुटून पडायचं, त्या मेंदूच्या पेशींवरच्या कड्या जाम करून बसतात. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते निव्वळ वेड. वेळेत ओळखलं तर असा माणूस पुन्हा उठून कामाला लागतो. नाही ओळखलं तर झटके येतात, श्वास अडतो, संपतं. पुरावा मिळतो तो पाठीच्या कण्यातल्या पाण्यात. त्यानं मनोविकार विभागाशी भांडून तिचं पाणी काढायला लावलं. इस्पितळाच्या लॅबनं सांगितलं, अँटिबॉडी नाहीत. विषय मिटला.

पण हा पठ्ठ्या उरलेलं पाणी घेऊन भिंगताईंच्या दारात आला. "ताई, जे जे तपासता येईल ते सगळं तपासा. ती माझ्या डोळ्यांदेखत बुडतेय."

म्हणून भिंगताईंनी सगळं तपासलं. अँटिबॉडी खरंच नव्हत्या. पण स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांसाठी जी दोन प्रथिनं मोजतात, त्यांतलं अमायलॉइड तळाला गेलं होतं आणि टाऊ आभाळाला टेकलं होतं. मेंदूच्या पेशी कित्येक वर्षं आतल्या आत झिजत आल्या की पाण्यात असा जोडा उतरतो. हे उतारवयातल्या, विसरायला लागलेल्या माणसाचं पाणी होतं. एकतीस वर्षांच्या बाईचं असायचं तर घराण्यात काहीतरी भयंकर हवं, आणि तसं काही नव्हतं.

शंका ठेवायची नाही म्हणून त्यांनी एक शेवटची चाचणी लावली. पाण्यात तरंगणाऱ्या चारदोन पेशी तेवढ्यासाठी पुरतात. निकाल आला तेव्हा सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं, तरी भिंगताईंना शाल ओढून घ्यावीशी वाटली.

पाणी पुरुषाचं होतं.

२

इस्पितळाला निघण्याआधी त्यांनी नळी भिंगाखाली धरली. नावाची पट्टी जराशी तिरकी बसली होती. तिच्या कडेला, काचेवर, दुसऱ्या कुठल्यातरी पट्टीचा पांढरा पापुद्रा चिकटून राहिला होता. म्हणजे लॅबमधल्या कुणाचा वेंधळेपणा नव्हता. कुणीतरी एक पट्टी सोलून तिथे दुसरी डकवली होती.

न्यूरॉलॉजिस्ट त्यांना दारातच भेटला. त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

"तिचं नाही?" तो जागच्या जागी थांबला. "मग कुणाचं?"

"तेच बघायला आलेय. तिचं कसं आहे?"

"सकाळी झटका आला. नाडी मध्येच पळते, मध्येच बसते. आता पाठीत पुन्हा सुई घालायची माझी हिंमत नाही. आणि अतिदक्षता विभागात हलवायचं तर धाकट्या डॉक्टरांची सही लागते. ती त्यांची पेशंट."

इस्पितळात दोन भाऊ होते. थोरले डॉक्टर मेंदूचे सर्जन, वय सत्तरीला आलेलं, तरी त्यांच्या हाताची लोक शपथ घेत. धाकटे डॉक्टर मनोविकार विभागाचे प्रमुख, थोरल्यांपेक्षा पुष्कळ लहान. थोरले डोकी उघडतात आणि धाकटे बंद करतात, असं कँटीनमध्ये म्हणत.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोन टोकांना दोन माणसं बसली होती. बसचालक बाईचा नवरा आणि तिची थोरली बहीण. दोघांमध्ये एक डबा होता, कुणीच न उघडलेला.

भिंगताईंनी त्यांनाही तेच सांगितलं.

"मग कुणाचं ते?" बहीण ताडकन उठली. उत्तराची वाट न बघता तिनं मेहुण्याकडे बोट केलं. "यांना विचारा. पाणी काढलं त्या दिवशी हे लॅबमध्ये होते. लॅबचा फ्रीज दुरुस्त करायला. बायको इथे तडफडतेय आणि हे स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरतायत."

नवऱ्यानं मान वर केली. "कुणाचं पाणी होतं, बाई?" त्यानं भिंगताईंना विचारलं. मग मेहुणीकडे न बघता म्हणाला, "फ्रीज दुरुस्तीचं काम आहे माझं. कंपनीनं पाठवलं, मी आलो. इथेच होतो, म्हणून मीच आलो."

"आणि ते सर्टिफिकेट?" बहीण थांबायला तयार नव्हती. "बायको वेडी आहे असं लिहून द्या म्हणून धाकट्या डॉक्टरांच्या मागे कोण लागलं होतं? छोटीला वेडी ठरवायचं आणि मोकळं व्हायचं. एवढं कळतं आम्हाला."

भिंगताईंनी पाहिलं, त्याच्या बोटांना काळं ग्रीस होतं आणि त्या बोटांनी तो डब्याची कडी उघडबंद करत होता.

धाकटे डॉक्टर आपल्या खोलीत होते. खोली टापटीप, पुस्तकांच्या पाठी एका रेषेत. नीटनेटका, मवाळ बोलणारा माणूस. समोरच्याचं ऐकताना मान किंचित कलती करायची सवय.

"बसा ना, मॅडम. न्यूरोवाल्यांनी तुम्हालाही कामाला लावलं वाटतं."

"नळीतलं पाणी तिचं नव्हतं, डॉक्टर. नळी बदलली आहे. आणि तिला आज सकाळी झटका आला."

त्यांची मान सरळ झाली. चेहऱ्यावरचा रंग खाली उतरत गेला. बराच वेळ त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं.

"झटका," ते म्हणाले. "मला कुणी बोललं नाही."

"न्यूरोवाल्यांना ती आजच वर, अतिदक्षता विभागात हवी आहे."

धाकट्यांनी कागद ओढला, सही केली आणि स्वतःच वॉर्डात फोन लावला. महिनाभर ज्या गोष्टीसाठी न्यूरॉलॉजिस्ट डोकं आपटत होता ती चुटकीसरशी झाली. भिंगताई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांना काहीतरी खटकलं, पण काय ते नेमकं सापडेना.

३

त्या दिवसाची हकिगत लॅबच्या तंत्रज्ञानं सांगितली. मोठा फ्रीज बंद पडला होता, म्हणून त्या दिवसाची सगळी नमुन्यांची रॅक मनोविकार वॉर्डातल्या औषधांच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. त्याला कुलूप असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रॅक परत आली. पाठीतल्या पाण्याच्या नळ्या तीनच होत्या: बसचालक बाईची, तापानं फणफणलेल्या एका शाळकरी मुलीची, आणि एक नुसत्या नंबरची. ती इस्पितळाच्या संचालकांनी खाजगीत दिलेली होती.

"खाजगी म्हणजे?"

"नाव नाही, वय नाही. आम्हाला उघडायचीच नव्हती. ती थेट तुमच्याच केंद्राकडे पाठवली, ताई."

भिंगताई जिन्यावर आल्या तर नवरा मागोमाग आला. मेहुणी ऐकणार नाही एवढ्या अंतरावर थांबला.

"ते सर्टिफिकेट," तो म्हणाला. "बस रस्त्यात सोडली म्हणून तिच्यावर केस करणार होते. नोकरीतून काढणार. ती आजारी आहे असं लिहून मिळालं असतं तर वाचली असती. त्या नोकरीसाठी तिनं काय काय केलंय ते मला माहीत आहे. लायसन काढायला गेली तर लोक दात काढत होते." त्यानं मागे वळून पाहिलं. "ताईंना सांगितलं असतं, पण त्या ऐकून घेत नाहीत. आणि मलाही त्या दिवसांत वाटायला लागलं होतं, की ती खरंच वेडी झाली. ते कसं सांगू त्यांना?"

"तुम्हाला तिच्या नळीत काय निघेल असं वाटत होतं?"

"विष," तो चटकन म्हणाला. "बस डेपोत कुणीतरी घातलं असेल, असं डोक्यात बसलं होतं. निघावं असंच वाटत होतं. विष निघालं असतं तर निदान ती वेडी नाही, एवढं तरी कळलं असतं."

भिंगताई खाली उतरताना विचारात पडल्या. या माणसाला बायकोचा निकाल बिघडवायचा असता तर त्यानं नळीत नळाचं पाणी भरलं असतं. सांडली म्हणून सांगितलं असतं. खोटं निदान टिकवायला एका म्हाताऱ्या पुरुषाच्या पाठीतलं पाणी कशाला हवं? ते मिळवणं अवघड, ठेवणं अवघड, आणि पकडलं जाणं सोपं.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्या थबकल्या. सकाळपासून सगळे एकाच बाजूनं बघत होते. तिच्या नळीत काय आलं, तेवढंच. तिच्या नळीतून काय गेलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. पट्ट्या सोलून अदलाबदल झाली असेल तर तिचं पाणी कुठेतरी दुसऱ्याच्या नावानं जपून ठेवलेलं असणार. बदलणाऱ्याला कदाचित तिच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. त्याला तिचं पाणी हवं होतं. तरुण, निवळ, निर्दोष पाणी. ज्याला आपलं पाणी दाखवायचं नव्हतं, त्याच्यासाठी.

त्या जवळजवळ धावत केंद्रावर परतल्या.

नुसत्या नंबरची नळी त्यांच्याच शीतपेटीत होती. तिच्यात स्मृतिभ्रंशाची प्रथिनं तेवढी बघा, असं संचालकांनी कळवलं होतं. त्यांनी बघितली होती, आणि निकाल इतका स्वच्छ आला होता की त्यांना त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला होता. आता त्यांनी नळी भिंगाखाली फिरवली. पट्टीच्या कडेला पांढरा पापुद्रा होता.

पाणी बाईचं निघालं. मग त्यांनी त्याचा थेंब मेंदूतल्यासारख्याच कड्या असलेल्या पेशी बसवलेल्या काचेवर सोडला, रंग चढवला आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काच हिरवीगार पेटली होती. एकूण एक पेशीला अँटिबॉडी चिकटल्या होत्या.

त्यांनी आधी न्यूरॉलॉजिस्टला फोन केला. "सुरू करा उपचार. आहेत. खच्चून आहेत." पलीकडून श्वास सोडल्यासारखं ऐकू आलं. "आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करा. पुष्कळदा मूळ तिथे असतं."

मग त्यांनी संचालकांना फोन लावला. "तुमच्या नंबराच्या नळीचा मी दिलेला निकाल रद्द समजा. तो माणूस कोण आहे?"

"ते मी सांगू शकत नाही, ताई."

"त्याचा मेंदू झिजतोय. पुढचं सांगू, की तुम्ही सांगता?"

फोनवर पलीकडे कुठेतरी लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. "ताई," संचालक हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी आज दुपारी एक केस घेतलीय."

४

भिंगताई तडक इस्पितळात पोचल्या. संचालकांनी दाराला आतून कडी घातली, मग बोलले. थोरल्या डॉक्टरांचा हात अजून चालायचा, पण मधल्या मधल्या जागा गळायला लागल्या होत्या. टाके घालताना कुठवर आलो ते विसरले. एका रोग्याच्या नातेवाइकांना दुसऱ्याच रोग्याचं सांगून आले. भूल देणाऱ्या डॉक्टरणीनं तक्रार केली. थोरले खवळले, पण तपासणीला तयार झाले, कारण आपण ठणठणीत आहोत याची त्यांना खात्री होती. संचालक स्वतः भूलतज्ज्ञ, म्हणून पाणी त्यांनीच काढलं. रॅकमध्ये ठेवलं. निकाल स्वच्छ आला आणि थोरले पुन्हा ऑपरेशनं करायला लागले.

"आधी आजची केस थांबवा," भिंगताई म्हणाल्या.

संचालकांनी फोन उचलला, दोन वाक्यं बोलले, ठेवला. "थांबवली. रोग्याला अजून भूल दिली नव्हती." त्यांच्या कपाळावर घाम होता. "थोरल्यांनी स्वतःच बदलली असेल का नळी?"

"पाणी काढल्यावर ते काय करत होते?"

"आडवे होते संध्याकाळपर्यंत. उठलं की डोकं दुखत होतं. धाकटे बसले होते उशाशी."

"सगळा वेळ?"

संचालकांनी नकारार्थी मान हलवली.

"नंबर थोरल्यांचा आहे हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"धाकट्यांना. थोरल्यांना तयार त्यांनीच केलं. पण ताई, तो माणूस मुंगी मारणार नाही."

"मुंगीला हात लावायची गरजच पडली नाही त्यांना," भिंगताई म्हणाल्या. "असं बघा. बदलणाऱ्यासमोर नळ्या दोन होत्या. तापाच्या मुलीची घेतली असती तर पाणी गढूळ, लगेच उघडं पडलं असतं. राहिली बसचालक बाईची. पण तिच्या पाण्यात काही सापडणार नाही, हे ठाम कुणाला वाटत होतं? न्यूरोवाल्याला वाटत नव्हतं, त्यानंच तर ते काढायला लावलं. नवऱ्याला वाटत होतं विष निघेल. लॅबवाल्यांना तिचं काही माहीतच नव्हतं. ती नळी निर्धास्तपणे आपल्या भावाच्या नावावर चढवायला एकच माणूस धजला असता. हिचा आजार फक्त मनाचा आहे, पाण्यात त्याचा मागमूस असणार नाही, हे ज्यानं महिनाभर छातीठोकपणे सांगितलं, तो. शिवाय फ्रीज त्याच्या वॉर्डात, किल्ली त्याच्याकडे."

"हा तर्क झाला."

"झाला. पण आणखी एक आहे. पाणी तिचं नाही म्हटल्यावर तुमच्या न्यूरोवाल्यानं विचारलं, मग कुणाचं? बहिणीनं विचारलं. नवऱ्यानं विचारलं. धाकट्यांनी विचारलं नाही. मी दारापर्यंत गेले तरी नाही. सही केली, फोन केला, आणि ते कुणाचं, हे त्या माणसाला जाणून घ्यायचंच नव्हतं."

५

धाकटे डॉक्टर खिडकीशी उभे होते. दोघांना एकत्र आत येताना पाहून त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले, पण रोग्याच्या बाजूच्या खुर्चीत. बहुधा त्यांच्याही ते लक्षात आलं नाही.

"तिच्यात निघालं?" त्यांनी विचारलं.

"निघालं. तुमच्या भावाच्या नळीत."

त्यांनी डोळे मिटले. नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"आमचे वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो, मॅडम. दादानं मला वाढवलं. शिकवलं. दोन वर्षं झाली, त्याचं बघतोय. घरी मला बाबांच्या नावानं हाक मारतो. पण ऑपरेशनच्या खोलीत गेला की तो पुन्हा तोच. हातांना सगळं आठवतं त्याच्या. मला वाटलं, आणखी थोडे महिने. सन्मानानं स्वतः थांबेल. मी समजावणार होतो."

"आणि ती बाई?"

"तिला मी काही केलं नाही असंच मला वाटत होतं." त्यांचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "तिच्या नळीत काही नाही, याची मला खात्री होती. आहे ते कळून लपवलं असतं तर मी राक्षस झालो असतो. मी नुसती एक रिकामी नळी वापरली."

"शंकेला जरा जागा ठेवली असती," भिंगताई म्हणाल्या, "तर तिच्या नळीला हात लावायला तुम्ही घाबरला असता. मग तिच्यावर दोन आठवड्यांपूर्वीच उपचार सुरू झाले असते. ज्या आजाराचा तुम्ही धंदा करता, तो शरीरात कुठे असतच नाही, असं मानून चाललात."

"मानून नाही. मला वाटायचं, तो पाण्यात दिसत असता तर आमच्यासारख्यांची गरज काय?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. थोरले डॉक्टर आत आले. उंच, ताठ, ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांत. त्यांच्यामुळे खोली लहान वाटायला लागली.

"केस कोणी थांबवली?"

संचालक उठले आणि भिंगताईंकडे बघू लागले. शेवटी भिंगताईंनीच सांगितलं. आडपडदा न ठेवता, एकेक पायरी उतरल्यासारखं. निकाल तुमचा नव्हता. तुमचं पाणी दुसऱ्या नावानं पडून होतं. त्यात जे आहे ते असं आहे. आणि जिचं पाणी तुमच्या नावावर गेलं ती वरच्या मजल्यावर नळीतून श्वास घेतेय.

थोरल्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकणं संपल्यावर ते भावाकडे वळले.

"तू केलंस?"

"हो, दादा."

"तिचं वय काय?"

"एकतीस."

थोरल्यांनी हात पुढे केला. मारणार असं संचालकांना वाटलं. पण त्यांनी धाकट्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, लहान मुलाची करतात तशी. "वाईट केलंस," ते म्हणाले. "फार वाईट केलंस. माझ्यासाठी होतं तरी." मग संचालकांना म्हणाले, "मी थांबतो. आजपासून. लिहून हवं असेल तर देतो."

संचालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंगताईंनाही वाटलं, या माणसाबद्दल लोक जे सांगतात ते खोटं नाही. बाहेर कुठेतरी स्ट्रेचरची चाकं खडखडत गेली.

थोरले खिडकीपर्यंत गेले, खाली बघत उभे राहिले. मग ते मागे वळले. कपाळाला आठी होती.

"पण मला एक सांगा," ते त्याच करड्या आवाजात म्हणाले. "केस कोणी थांबवली?"

६

सोनोग्राफीत बसचालक बाईच्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ सापडली. गाठीत मेंदूसारखीच पेशींची गुंतवळ होती. तिच्याशी लढायला शरीरानं जी फौज उभी केली, तीच वाट चुकून खऱ्या मेंदूवर चाल करून गेली होती. गाठ काढली, औषधांचा मारा केला, रक्त धुऊन काढलं. मध्यंतरी एकदा असं झालं, की न्यूरॉलॉजिस्टनं बहिणीला आणि नवऱ्याला आत बोलावून घेतलं आणि दोघं पहिल्यांदा एका बाजूला उभी राहिली. त्यातूनही ती निभावली. आधी श्वासाची नळी निघाली. ओठ हलायचे थांबले. मग एके दिवशी नवरा तिचे केस विंचरत होता, तर ती स्पष्ट म्हणाली, "दुखतंय, हळू."

चौकशी बसली. धाकट्यांनी सगळं कबूल केलं, वकील घ्यायलाही नाही म्हणाले. त्यांची सनद काढून घेतली, खटला उभा राहिला. सध्या ते जामिनावर घरी होते.

भिंगताई तिला भेटायला गेल्या तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. गालफडं वर आलेली, पण नजर जागेवर. बस थांबवल्याचं तिला आठवत नव्हतं, त्यानंतरचंही काहीच आठवत नव्हतं. बहिणीनं सांगितलं तेवढं ठाऊक होतं.

"माझ्यात काही सापडणार नाही असं त्यांना वाटलं," ती सावकाश म्हणाली. "माझ्या बहिणीला राग येतो त्याचा. मला अजून राग येण्याएवढं अंगात बळ नाही."

"येईल."

"ज्यांचं पाणी माझ्या नावावर होतं, ते कसे आहेत?"

हा प्रश्न भिंगताईंना अपेक्षित नव्हता. खोटं सांगावं का, असा क्षणभर विचार आला. पण या बाईला आजवर खोटंच सांगण्यात आलं होतं.

"मी गेले होते त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "थांबायचं कबूल केलं होतं ते त्यांच्या लक्षात राहत नाही. रोज सकाळी उठतात आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतात. कोपरापर्यंत, ब्रशनं, नखं न् नखं. मग हात वर धरून उभे राहतात. गाडी कधी येणार, विचारतात. पाणी गळत असतं कोपरांवरून."

"मग?"

"मग धाकटे टॉवेल घेऊन जातात. आज केस नाही, दादा, म्हणतात, आणि एकेक बोट पुसून देतात."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली रस्त्यावर एक बस थांब्याला लागली, माणसं चढली, दार मिटलं.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज," भिंगताई म्हणाल्या. "आणि दादा रोज त्यांना विचारतात, तू कोण?"